गोळी सोडायची, पण सावकाश

वाचकहो, आपल्याकडे एक म्हण आहे : 'गरज सरो, वैद्य मरो'. काम झाले की उपकारकर्त्याला विसरणाऱ्या माणसाला ती लावतात. पण गेली अनेक वर्षे शहापुरात दवाखाना चालवताना आणि दर मंगळवारी मुरबाडला बसताना मला ती निराळ्याच अर्थाने आठवते. बरे वाटले की गोळी बंद, ही आपली जुनी खोड. तापाची गोळी अशी बंद केली तर फारसे बिघडत नाही. क्षयाची केली तर रोग बळावतो, हे आता आशाताईंनी पाड्यापाड्यांवर जाऊन लोकांच्या मनावर ठसवले आहे. मात्र नैराश्यावरची, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी एकाएकी सोडली तर काय होते, हे पुष्कळांना अजून ठाऊक नाही. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही ते नीट ठाऊक नव्हते. आजचा लेख माझ्या त्या चुकीविषयी आहे. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

एक मंगळवार

आवणीचे दिवस होते. टोकावड्याच्या बाजूच्या एका गावातली चाळिशीची बाई आपल्या दिराबरोबर मुरबाडच्या दवाखान्यात आली. थोरला मुलगा गेल्यापासून ती आजारी होती. खाणे तुटले, बोलणे तुटले, तेव्हा घरच्यांनी तिला कल्याणच्या एका मनोविकारतज्ज्ञाकडे नेले होते. त्यांनी पॅरोक्झेटिन नावाची गोळी सुरू केली. सहा-सात महिन्यांत बाई पुन्हा चुलीपुढे बसू लागली, शेतावर जाऊ लागली. पुढे कल्याणची खेप परवडेना म्हणून तीच गोळी माझ्याकडून लिहून नेऊ लागली. अशी दोन वर्षे गेली. आणि जूनमध्ये मीच तिला म्हणालो होतो, "आता तुम्ही ठणठणीत आहात. एवढं पाकीट संपलं की बंद करून टाका. कशाला उगाच सवय लावून घेता?"

गोळी बंद होऊन पाच दिवस झाले आणि बाई माझ्यासमोर बसली होती. दीर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आमची वयनी आवणीत चिखलात पडली. उभी राहिली की गरगरतंय."

मी बाईंना विचारले, "काय होतंय ताई?"

"डोक्यात करंट मारतोय. मान वळवली, डोळा फिरवला की सर्रकन इकडून तिकडे जातोय. पोटात ढवळतंय. रात्री डोळा लागला तर भलतीसलती सपनं पडतात."

मी रक्तदाब मोजला, ठीक होता. कानाचा दोष असेल समजून चक्कर थांबवण्याची गोळी दिली, एक सलाईन लावले आणि घरी पाठवले. गोळी कधी बंद केली, हा प्रश्न मी विचारला नाही. बंद करायला सांगणारा मीच होतो, तरी विचारला नाही!

पुढच्या मंगळवारी दीर पुन्हा तिला घेऊन आला. मधल्या काळात गावातल्या भगताकडे नेऊन झाले होते. त्याने बाहेरची बाधा सांगितली होती, एक कोंबडा गेला होता. बाई सारखी रडत होती, अंगाला कापरे होते, दोन रात्री झोप नव्हती. दीर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, ती मला म्हणाली, भाऊजी, मला विहिरीकडे एकटीला सोडू नका. तेव्हापासून आमच्या बायका रात्री आळीपाळीनं जागतात."

माझ्या पोटात गोळा आला. मी कल्याणच्या त्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "गोळी कधी बंद केली? एकदम की कमी करत?" मी सांगितले. क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आज संध्याकाळपासून पूर्वीचाच डोस चालू करा. बाईंना एकटं ठेवू नका. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा जिवाचं काही बोलल्या, तर थेट भरती करा. उतार पडला, तर ओळखा की हा गोळी सुटल्याचा त्रास होता."

तिसऱ्या दिवशी डोक्यातला करंट थांबला. चौथ्या दिवशी बाई जेवली. बाधा नव्हती, कानाचा दोष नव्हता, आणि आजार उलटलाही नव्हता. अंगवळणी पडलेले औषध मी एका रात्रीत काढून घ्यायला लावले होते.

असे का होते?

नैराश्यावरची आधुनिक औषधे १९५० नंतरच्या दशकातली. त्यांतले एक तर क्षयाच्या औषधातून निघाले. १९५२ साली न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देत असताना ते रोगी उल्हसित होतात असे डॉक्टरांच्या लक्षात आले. १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रॅमिनचा गुण जगापुढे मांडला. आणि १९५९ मध्येच इमिप्रॅमिन एकदम थांबवले तर काही रुग्णांना त्रास होतो, हेही वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्झेटिनला परवानगी मिळाली. पुढे सर्ट्रालिन, पॅरोक्झेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, एसिटालोप्रॅम अशी रांग लागली. ही औषधे आता तालुक्याच्या औषध दुकानांतही मिळतात. पण सोडताना होणाऱ्या त्रासाची गोष्ट मात्र मागे पडली.

हा त्रास होतो कसा? मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देतात ते काही रसायनांमार्फत. सेरोटोनिन हे त्यांतले एक. या गोळ्या त्याचा साठा पेशींच्या दरम्यान अधिक वेळ टिकवतात. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिन कमी पडणे, इतके ते गणित सोपे नाही. पण गोळी महिनोन् महिने चालली की मेंदू त्या व्यवस्थेशी जुळवून घेतो एवढे खरे. कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करणारा शेतकरी मिळणाऱ्या पाण्याच्या मानाने वाफे आखतो. एके दिवशी न सांगता दार बंद केले तर पीक माना टाकते. तेच पाणी थोडे थोडे कमी करत नेले तर शेतकऱ्याला सावरायला वेळ मिळतो. मेंदूचेही तसेच आहे.

आता हा त्रास कोणत्या गोळीने जास्त होतो ते पाहू. जी औषधे शरीरातून भराभर निघून जातात, ती सोडताना त्रास अधिक. रक्तातले व्हेन्लाफॅक्सिन निम्मे व्हायला सुमारे ५ तास लागतात, पॅरोक्झेटिनला साधारण एक दिवस, एसिटालोप्रॅमला सुमारे ३० तास. फ्लुओक्झेटिन मात्र कित्येक दिवस रेंगाळते, म्हणून ते आपोआपच सावकाश उतरते. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या सोडतानाही मळमळ, घाम, झोपमोड हे प्रकार होतात. गोळी जितकी अधिक काळ आणि जितक्या मोठ्या डोसात घेतलेली, तितकी त्रासाची शक्यता जास्त.

लक्षणे कोणती?

गोळी बंद केल्यावर किंवा डोस एकदम कमी केल्यावर, बहुधा दोन ते चार दिवसांत पुढील गोष्टी जाणवू लागतात :

१) चक्कर, तोल जाणे, बोटीत बसल्यासारखे वाटणे.

२) डोक्यात किंवा हातापायांत विजेचा झटका बसल्याचा भास, मुंग्या. बुबुळे फिरवली की हा झटका विशेष जाणवतो. इतर आजारांत तो क्वचितच आढळतो, म्हणून ही खूण लक्षात ठेवावी.

३) मळमळ, जुलाब, घाम, अंगदुखी. फ्लू झाला की काय असे वाटते.

४) झोप न लागणे, जिवंत वाटावीत अशी भीतिदायक स्वप्ने.

५) चिडचिड, घबराट, अकारण रडू येणे, जिवाची तगमग.

सर्वांनाच हा त्रास होतो असे मात्र मुळीच नाही. २०२४ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात जर्मनीतील संशोधकांनी ७९ अभ्यासांतील २१ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून मांडली. गोळी सोडल्यावर सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षणे दिसली. पण ज्यांना नुसती नकली गोळी दिली होती आणि ती बंद केली, त्यांच्यातही १७ टक्के लोकांनी तक्रारी सांगितल्या. म्हणजे दर सहा-सात जणांत एकाला औषध सुटल्यामुळे खरा त्रास होतो, आणि साधारण ३५ जणांत एकाला तो तीव्र होतो. यांतील बऱ्याच अभ्यासांत लोकांनी औषध थोडेच महिने घेतले होते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी अधिक जपून राहावे हे बरे.

बहुतेकांचा त्रास एक-दोन आठवड्यांत आपोआप विरतो. काहींना मात्र तो कित्येक आठवडे, क्वचित काही महिनेही पुरतो. "हे तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे म्हणून त्यांना वाटेला लावू नये. मी तसे पूर्वी केले आहे, म्हणून सांगतो.

मग हे व्यसन झाले का?

दवाखान्यात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर आहे, नाही. दारूच्या व्यसनात माणसाला तिची ओढ लागते, प्रमाण वाढत जाते, घरदार सोडून तो तिच्यामागे धावतो. नैराश्याच्या गोळीची अशी तल्लफ कोणाला येत नाही. शरीर तिला सरावते एवढेच. रक्तदाबाची काही औषधे किंवा स्टिरॉइड एकदम बंद केली तरी शरीर तक्रार करते. त्या रुग्णाला आपण व्यसनी म्हणतो का?

येथे एका गोष्टीचा इशारा देणे अगत्याचे आहे. आपल्याकडे एसिटालोप्रॅमबरोबर क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिसळून पुष्कळ लिहिले जाते. क्लोनाझेपाम ही झोपेच्या आणि घबराटीच्या औषधांच्या जातीतली गोळी. तिची सवय खरोखर लागते, आणि दीर्घकाळ घेऊन ती अचानक सोडली तर फिट येऊ शकते. तेव्हा आपल्या पाकिटावर एक नाव आहे की दोन, हे आजच वाचा. वाचता येत नसेल तर औषध दुकानदाराकडून वाचून घ्या. दोन नावे असतील तर स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

आजार परतला की गोळी सुटल्याचा त्रास?

हा भेद कळणे फार महत्त्वाचे. पहिली खूण वेळेची. गोळी सुटल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो. आजार परतायचा असेल तर तो बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू परततो. दुसरी खूण लक्षणांची. विजेचे झटके, गरगर, मळमळ ही मूळ आजारात नव्हती आणि आता नवीन आली, तर संशय गोळी सुटल्याचा घ्यावा. मन उदास, कशात रस नाही, पहाटे लवकर जाग, भूक मेलेली, हे जुनेच चित्र पुन्हा दिसू लागले तर आजाराचा. तिसरी खूण उपायाची. डोस पूर्ववत केल्यावर दोन-तीन दिवसांत आराम पडला तर तो गोळी सुटल्याचाच त्रास. आजारावर गुण यायला गोळीला दोन-चार आठवडे लागतात.

पण आजार परतण्याची भीती खोटी नाही. इंग्लंडमध्ये ४७८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. हे सर्व लोक दीर्घकाळ गोळी घेणारे, बरे असलेले आणि सोडण्याचा विचार करणारे होते. वर्षभरात, गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचे नैराश्य परतले, तर सोडलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचे. याचे दोन अर्थ आहेत. गोळीचा आधार खरा आहे. आणि गोळी सोडूनही बरे राहणारे लोक शंभरात चाळीसहून अधिक आहेत. आपण कोणत्या गटात, हे आधी कोणी सांगू शकत नाही. म्हणून निर्णय डॉक्टरांशी बोलून करायचा.

सर्वसाधारण संकेत असा की, पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी घ्यावी. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा झाला असेल तर दोन वर्षे किंवा अधिक.

माळशेजचा उतार

आता सोडायची कशी? ओतूरकडून माळशेजमार्गे मुरबाडला आलेल्यांना हे चटकन कळेल. पिंपळगाव जोग्याच्या धरणाकाठाने रस्ता कितीतरी अंतर जवळजवळ सपाट जातो. गाडी पुढे जाते, पण आपण फारसे खाली उतरत नाही. मग घाट लागतो आणि थोड्याच किलोमीटरमध्ये आपण एकदम कोकणात उतरतो. या गोळ्यांचा परिणाम तसाच उतरतो. मोठ्या डोसावरून निम्म्यावर आलो तरी मेंदूवरचा परिणाम थोडाच कमी होतो. तो सपाट रस्ता. पण शेवटच्या अर्ध्या-पाव गोळीवरून शून्यावर येताना परिणाम कड्यावरून पडावा तसा कोसळतो. म्हणून "निम्मी केली, काही झालं नाही, आता पूर्ण सोडतो" असे म्हणणारे नेमके तिथेच फसतात.

ही बाब २०१९ मध्ये लंडनमधील मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त सविस्तर मांडली. होरोविट्झ हे स्वतः या विषयातले डॉक्टर. पण स्वतःची गोळी सोडताना त्यांनाही हा त्रास सोसावा लागला होता. त्यांचे सांगणे थोडक्यात असे : जसजसे खाली याल, तसतशी पायरी लहान करा. घाटात चालक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येतो, गाडी न्यूट्रलवर सोडत नाही, तसेच हे.

माझ्या त्या रुग्णाला कल्याणच्या डॉक्टरांनी कागदावर पायऱ्या काढून दिल्या. २० मिलिग्रॅमची १५, मग १०. त्याखाली आल्यावर १० च्या गोळीचे चार तुकडे करून साडेसात, पाच, अडीच. प्रत्येक पायरीवर पाच-सहा आठवडे. म्हशाच्या जत्रेच्या सुमारास पाचवर आल्यावर पुन्हा गरगर सुरू झाली. बाई घाबरली. आम्ही एक पायरी वर गेलो, महिनाभर थांबलो आणि पुन्हा उतरलो. अक्षय्य तृतीयेनंतर शेवटचा पाव तुकडा सुटला. ज्या कामाला मी एक दिवस दिला होता, त्याला दहा महिने लागले. हा तिचा हिशेब झाला. प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो. गोळी थोडेच महिने घेतली असेल तर चार-सहा आठवडेही पुरतात. वरचे आकडे पाहून कोणी स्वतःच्या गोळीला कात्री लावू नये. काही गोळ्या आणि कॅप्सूल सावकाश विरघळणाऱ्या असतात. त्या कापल्या, चावल्या किंवा फोडल्या तर औषध एकदम अंगात भिनते.

आपल्याकडच्या अडचणी

पुस्तकातले नियम शहरातल्या लोकांसाठी लिहिलेले असतात. शहापूर-मुरबाडच्या माणसाची गोळी कशी सुटते ते मी रोज पाहतो.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, एस.टी. गावापर्यंत आली नाही आणि पाकीट संपले. यावर उपाय, मृग लागण्यापूर्वीच पुढच्या महिन्याच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात. शेवटचे दहा दिवस उरले की चिठ्ठी घेऊन दुकान गाठावे.

श्रावणात, नवरात्रात उपास म्हणून गोळी वगळली जाते. औषधाने उपास मोडत नाही. उपासाचे जे खाल त्याबरोबर घ्या.

पैसे वाचावेत म्हणून एक दिवसाआड गोळी घेतली जाते. हा प्रकार सर्वांत वाईट. रक्तातले औषध रोज वर-खाली होऊन त्रास रोज नव्याने सुरू होतो. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. कमी किमतीची गोळी लिहून देता येते. जनऔषधी केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

मुलीचे लग्न ठरले की तिची गोळी गुपचूप बंद केली जाते, सासरी कळू नये म्हणून. नव्या घरात, नव्या माणसांत, नेमक्या त्याच आठवड्यात तिला रडू, घबराट आणि चक्कर सुरू होते. आईबापांनो, असे करू नका. लग्नाआधी पुरेसे महिने हाताशी ठेवून डॉक्टरांना विचारा. दिवस राहिले म्हणूनही गोळी एकदम टाकू नका, आधी दाखवा.

आणि सर्वांत मोठी अडचण भीतीची. मनाच्या डॉक्टरकडे जा म्हटले की लोक म्हणतात, "म्हणजे ठाण्याला पाठवता की काय?" ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे, आणि त्याची धास्ती आजे-पणज्यांपासून चालत आलेली. पण तिथेही रोज बाह्यरुग्ण विभागात साधी माणसे जातात, गोळ्या घेतात, संध्याकाळच्या गाडीने आसनगाव-कसाऱ्याला परततात. तेवढेही लांब जायचे नसेल, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आपल्या भागात कोणत्या वारी येतात, ते शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात विचारून घ्या. १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सरकारी मोफत फोनसेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येते, रात्री-अपरात्रीही.

त्रास सुरू झाला तर

डोस कमी केल्यावर सौम्य त्रास झाला, तर घाबरू नका. आहे त्या पायरीवर थांबा, पुढे उतरू नका. पाणी भरपूर प्या, वेळेवर जेवा, उठताना आधी बसा मग उभे राहा. चक्कर आहे तोवर विहिरीवर, झाडावर, मोटारसायकलवर जाऊ नका. चहा संध्याकाळनंतर बंद. ताडी-दारू अजिबात नको. तिने झोप लागल्यासारखी वाटते आणि दुसरा दिवस आणखी वाईट जातो. एका वहीत रोज दोन ओळी लिहा : आज किती गोळी, आज काय झाले. ती वही डॉक्टरांच्या शंभर प्रश्नांची उत्तरे देते. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

त्रास सहन होत नसेल तर आधीचा डोस पुन्हा सुरू करण्याविषयी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. डोस कमी करायला मुहूर्तही नीट निवडा. आवणी, कापणी, घरातले लग्न, परीक्षा किंवा दुःखाचा प्रसंग यांत उतरायला सुरुवात करू नका.

फिट आली, माणूस बरळू लागला किंवा जीव द्यावासा वाटतो असे म्हणाला, तर वाट पाहू नका. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, रुग्णालय गाठा. तोवर त्याला एकटे सोडू नका. आणि शेतकरी घरांना माझी हात जोडून विनंती आहे. फवारणीच्या औषधाची बाटली कुडाला खोचलेली किंवा पडवीत ठेवलेली असते. ती आजच कुलपात ठेवा किंवा शेजाऱ्याकडे द्या. तो एक वाईट तास टळला तर माणूस वाचतो.

त्या बाईच्या घरच्यांनी भगताकडे नेले, हे खरे. पण रात्री आळीपाळीने जागेही तेच राहिले. ती जगली ती त्या जागरणामुळे. मी नंतर पोहोचलो.

दुसरी गोष्ट

एवढ्यावर संपवले तर चित्र अपुरे राहील. शहापूर तालुक्यातील एका शिक्षकांनीही याच पद्धतीने, माझ्या देखरेखीखाली, एसिटालोप्रॅम वर्षभरात सोडले. चक्कर नाही, झटके नाहीत. तीन महिन्यांनी मात्र त्यांचे जुने नैराश्य परत आले. हे त्यांचे तिसरे खेपेचे. आता ते रोज गोळी घेतात, रोज शाळेत जातात. मला एकदा म्हणाले, "डॉक्टर, मी नापास झालो." मी म्हटले, "गुरुजी, तुम्ही चष्मा लावता, त्याला कोणी नापास म्हणतं का?" ते हसले. गोळी सोडणे ही परीक्षा नाही. कोणाला ती सुटते, कोणाला जन्मभर लागते. माणूस धडपणे जगतो आहे ना, एवढेच पाहायचे.

टोकावड्याकडची ती बाई गेल्या महिन्यात मुरबाडच्या बाजारात भेटली. भेंडी विकायला बसली होती. मी विचारले, "ताई, डोक्यातला करंट?" म्हणाली, "नाय साहेब. लाईट गेली." आणि अर्धा किलो भेंडी जबरदस्तीने माझ्या पिशवीत टाकली. पैसे घेतले नाहीत.

त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात कोणीही चक्कर आली म्हणून आला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणती गोळी चालू होती, आणि ती कधी सोडली?" वाचकहो, तुमच्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नाही तर रागावू नका. तुम्ही आपण होऊन सांगा.